ल्यूनेबुर्गचा माळ आणि सायकलची वाट

जर्मनीच्या उत्तर भागात, एल्बे आणि आलर या दोन नद्यांच्या दरम्यान, एक विस्तीर्ण रेताड प्रदेश पसरलेला आहे. त्याला ल्यूनेबुर्गर हाइडे, म्हणजे ल्यूनेबुर्गचा माळ, असे म्हणतात. महाराष्ट्रातील माळरानाशी त्याचे साम्य आहे ते केवळ उघडेपणापुरते. तेथे काळा कातळ नाही, कुसळी गवत नाही. हिमयुगात बर्फाने वाहून आणून टाकलेली वाळू व गोटे, त्यांवर गुडघाभर उंचीची हेदरची झुडपे आणि मधूनमधून पहारेकऱ्यासारखी ताठ उभी असलेली जुनिपरची झाडे, असे त्याचे रूप. वर्षाचा बहुतेक काळ हा माळ तपकिरी व उदास दिसतो. ऑगस्टच्या मध्यावर हेदर फुलते आणि काही आठवडे क्षितिजापर्यंत जांभळा रंग पसरतो. या माळाच्या हृदयभागी सुमारे 234 चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र आहे. विल्झेडर बेर्ग ही 169 मीटर उंचीची टेकडी त्याच्या मध्यभागी असून तिच्या पायथ्याच्या विल्झेडे गावी पाहुण्याने जावयाचे ते पायी, घोडागाडीतून किंवा सायकलीवरून. मोटारीला तेथे मज्जाव आहे.

हा माळ निसर्गाने जसाच्या तसा दिलेला आहे, अशी प्रवाशांची समजूत होते. वास्तविक तो मनुष्याने घडविलेला आहे. अश्मयुगाच्या उत्तरकाळापासून शेतकऱ्यांनी येथील जंगल तोडले, गुरे चारली, आणि उघड्या पडलेल्या निकस वाळूत हेदरखेरीज फारसे काही टिकेना. ल्यूनेबुर्ग येथील मिठागराच्या भट्ट्यांनी सगळे जंगल गिळले, ही लोकप्रिय कथा वाटाड्ये आजही रंगवून सांगतात. परंतु माळ त्या भट्ट्यांहून पुष्कळ जुना आहे, हे दलदलीत साठलेल्या परागकणांच्या अभ्यासावरून दिसून येते. मिठाने भर घातली असेल; आरंभ मात्र कुऱ्हाडीने आणि मेंढरांनी केला.

येथील शेतकऱ्याचे सारे जीवन या झुडपाभोवती फिरत असे. काळ्या तोंडाच्या, करड्या लोकरीच्या, शिंगे असलेल्या हाइडश्नुके जातीच्या मेंढ्या हेदरचे शेंडे खात. शेतकरी जड कुदळीने हेदर मुळांसकट, वरच्या मातीच्या थरासह, खरवडून काढी. ते गोठ्यात अंथरी आणि शेणामुताने भिजलेले ते खत राईच्या शेतात घाली. एका लहानशा शेताची सुपीकता राखण्यासाठी माळाचा केवढा तरी मोठा पट्टा सोलून निघे. गवताच्या काड्यांनी विणलेल्या पोळ्यांतून मधमाश्या पाळल्या जात. मेंढ्या चरत गेल्या म्हणजे झुडपांतील कोळ्यांची जाळी तुटतात व मधमाश्यांची वाट मोकळी होते, असे मेंढपाळ सांगत. हे सर्व कष्ट अत्यंत जिकिरीचे होते. त्या जीवनात काव्य दिसले ते पुढे शहरातून आलेल्यांना. कुदळ चालविणाऱ्याला ते दिसले असेल असे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था ढासळली. समुद्रपारहून स्वस्त लोकर येऊ लागली, कारखान्यातील खतांनी खरवडलेल्या मातीची गरज उरू दिली नाही, आणि गावकीची सामाईक जमीन वाटली जाऊन जो तो आपापल्या तुकड्यावर पाइनची लागवड करू लागला. 1866 साली हानोफरचे राज्य प्रशियाने गिळंकृत केल्यावर वनीकरणाला अधिकच जोर चढला. शतक संपता संपता माळ झपाट्याने आक्रसत चालला होता.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. 1885 मध्ये इंग्लंडात रोव्हर नावाची, दोन्ही चाके जवळजवळ सारख्या मापाची सायकल निघाली. 1888 मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचा हक्क नोंदविला. सायकल हौशी तालीमबाजांच्या हातून सामान्य कारकुनाच्या हाती आली. शहरातील धूर सोडून रविवारी मोकळ्या माळावर जाण्याचे साधन त्याला प्रथमच मिळाले. मात्र माळावरील वाटा म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्यांनी चाळलेली वाळू, आणि जेथे रस्ता बांधलेला तेथे ओबडधोबड गोट्यांची फरसबंदी. वाळूत चाक रुते, गोट्यांवर हाडे खिळखिळी होत. म्हणून सायकलस्वार रस्त्याच्या कडेची हातभर रुंदीची, घट्ट दबलेली पट्टी शोधून काढी. उंडेलो गावाहून विल्झेडेकडे जाणाऱ्या फरसबंदी रस्त्याच्या कडेने अशी अरुंद वाट आजही धावते.

शहरवासी माळावर आले आणि त्यांच्यामागोमाग घरे बांधणारेही आले. विल्झेडेजवळ टोटेनग्रुंड नावाची एक द्रोणासारखी दरी आहे. माळाचे इतके देखणे दृश्य अन्यत्र क्वचितच सापडेल. तेथे सुटीतील घरे उभारण्याचा बेत शिजत असल्याचे एगेस्टोर्फ येथील पाद्री विल्हेल्म बोडे यांच्या कानी गेले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, चिकाटी होती. म्युन्स्टर येथील प्राध्यापक थॉम्सन यांना त्यांनी गळ घातली आणि त्यांच्या पैशातून 1906 मध्ये ती दरी विकत घेतली गेली. 1909 साली म्युनिक येथे निसर्ग-उद्यानांसाठी एक संस्था स्थापन झाली. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचा आदर्श तिच्यासमोर होता. बोडे यांनी या संस्थेचे लक्ष माळाकडे वळविले आणि 1910 मध्ये विल्झेडर बेर्ग तिच्या मालकीची झाली. 1921 च्या अखेरीस सरकारी आदेशाने हा सारा टापू संरक्षित ठरला. ज्या माळाला राज्यकर्ते ओसाड समजत होते तो राखण्यासाठी कायदा झाला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

परंतु कायद्याने माणसे अडतात, सैन्ये अडत नाहीत. 4 मे 1945 रोजी ल्यूनेबुर्ग शहराजवळच्या टिमेलोबेर्ग या टेकाडावर वायव्य जर्मनी, डेन्मार्क व हॉलंड येथील जर्मन फौजांनी फील्डमार्शल माँटगोमेरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्यानंतर ब्रिटिश रणगाडे माळावर आले ते राहिलेच. 1959 च्या सोल्टाऊ-ल्यूनेबुर्ग कराराने ब्रिटिश व कॅनडियन फौजांच्या सरावाला रीतसर मान्यता मिळाली. नकाशावर ज्यांना लाल प्रदेश म्हणत, तेथे रणगाड्यांच्या पट्ट्यांनी हेदर उखडून गेली. श्नेव्हर्डिंगेन गावाभोवती वाळवंट झाले. गंमत अशी की यांतील पुष्कळशी जमीन त्याच संरक्षक संस्थेच्या मालकीची होती. 1954 पासून तिचे अध्यक्ष असलेले हांबुर्गचे व्यापारी आल्फ्रेड ट्योफर जर्मनीभर निसर्ग-उद्याने व्हावीत म्हणून 1956 मध्ये योजना मांडत होते, आणि इकडे घरच्याच अंगणात रणगाडे फिरत होते. 1994 मध्ये सराव थांबला. मग बी धरलेली हेदर अन्यत्र कापून या उजाड वाळूवर पसरण्यात आली, आणि हळूहळू जांभळा रंग परतला.

एकविसाव्या शतकात ग्रॅव्हल बाइक नावाची सायकल प्रचारात आली. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण चार सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, चकतीचे ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर, अशी तिची घडण. टायरमध्ये हवा कमी ठेवता येते; त्यामुळे चाक पसरून जमिनीला टेकते व वाळूत कमी रुतते. अमेरिकेत कॅन्ससच्या खडीच्या रस्त्यांवर 2006 मध्ये सुरू झालेल्या शर्यतीने या प्रकाराला नाव मिळवून दिले. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली. नवेपणाचा पुष्कळ गाजावाजा झाला. डांबरी रस्ते होण्यापूर्वी प्रत्येक सायकलस्वार हेच करीत होता, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

ल्यूनेबुर्गच्या माळावर ही सायकल शोभून दिसते; मात्र तिला मोकळे रान नाही. संरक्षित क्षेत्रात आखून दिलेल्या वाटा सोडण्यास बंदी आहे. हेदरचे मूळ तुटले की खालची वाळू उघडी पडते. मग पावसाचे पाणी चाकोरीतून धावते आणि ओघळ रुंदावत जातो. शिवाय जमिनीवर घरटी करणारे पक्षी झुडपांत असतात. तरीही केवळ माणसाला दूर ठेवून माळ टिकत नाही. मनुष्याने हात आखडता घेतला की बर्च व पाइनची रोपे काही वर्षांत सारे झाकून टाकतात. म्हणून मेंढ्यांचे कळप राखले जातात, कोठे जुनी हेदर कापली जाते, कोठे यंत्राने माती खरवडली जाते, कोठे हिवाळ्यात आग लावली जाते. पूर्वी जे पोटासाठी होत असे ते आता अनुदानातून होते. शेतीतून व धुरातून हवेमार्गे येणारा नायट्रोजन गवताला पोसतो, आणि गवत हेदरला दडपते. 2018 च्या अवर्षणाने व हेदर खाणाऱ्या भुंगेऱ्यांनी तर मोठमोठे पट्टे करपून गेले.

श्नेव्हर्डिंगेनजवळच्या राइनझेलेन येथे, जेथे महायुद्धानंतर निर्वासितांच्या वसाहतीपाठोपाठ ब्रिटिश सैन्याची छावणी होती, तेथे आता निसर्गसंरक्षणाचे शिक्षण देणारी अकादमी चालते. सभोवार रेताड गवताळ मैदान आहे आणि त्यातून वाटा जातात. मेंढ्यांचा कळप आडवा आला म्हणजे सायकलस्वार एक पाय टेकून उभा राहतो, मेंढपाळाची कुत्री शेवटची मेंढी पार करवितात, आणि वाट मोकळी होते.