जुने मुखपृष्ठ आणि संगणकाची कुंचली

मराठी घरांतून दिवाळी अंकांचे गठ्ठे जपून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून या प्रथेचा पाया घातला. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. नांगर घडविणाऱ्या कारखान्यातून मासिक जन्मास यावे, ही घटना भोसरीसारख्या उद्योगनगरीतील वाचकांस विशेष जवळची वाटावी. पुढे गोमंतकात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि मुखपृष्ठासाठी अंक विकत घेणारा वाचक निर्माण झाला.

दुर्दैव असे की, अंकातील कथा-कवितांचे पुनर्मुद्रण होते, परंतु मुखपृष्ठ सर्वांत आधी फाटते. ग्रंथालयांत वर्षाचे अंक एकत्र बांधताना ते पुष्कळदा काढूनच टाकले जात असे. म्हणून एखादी जीर्ण प्रत हाती आली की, तिच्यावरून मुखपृष्ठ पुन्हा घडविण्याचे काम आता संगणकावर केले जाते. ‘फोटोशॉप’ ही संगणक-प्रणाली १९९० साली बाजारात आली. १९९४ पासून तिच्यात चित्राचे निरनिराळे थर वेगळे ठेवण्याची सोय झाली, आणि २००२ मध्ये डाग व सुरकुत्या आसपासच्या रंगात मिसळून टाकणारी कुंचली मिळाली. मूळ प्रतीचा थर तळाशी तसाच राखून सर्व दुरुस्ती वरच्या थरांवर करता येते, ही त्यातील मोठी सोय.

साधनापेक्षा खरी परीक्षा असते ती नजरेची. जुने रंगीत चित्र ठशांवरून छापलेले असे. निळा, तांबडा, पिवळा आणि काळा अशा सूक्ष्म ठिपक्यांच्या जाळ्या एकमेकींवर पडून डोळ्यांना सलग रंग दिसे. अशी प्रत यंत्राने टिपली की, ठिपक्यांची जाळी आणि यंत्राची जाळी यांच्या संयोगातून कापडाच्या लहरींसारखी नक्षी उमटते. ती टाळण्यासाठी प्रत प्रथम अतिशय बारकाईने टिपून, किंचित मृदू करून मग आकाराने लहान करावी लागते. येथवर सारे तंत्र झाले. परंतु तांबड्या रंगाचा ठसा केसभर सरकल्यामुळे चित्रातील ओठांच्या कडेला दुहेरी रेघ उमटली असेल, तर ती पुसावी की ठेवावी? कागदाचा पिवळेपणा काळाचा, की मुळातच कागद दुधी रंगाचा होता?

भोसरीच्या टूलरूममध्ये झिजलेल्या दात्यांचे चाक नमुन्यास येते, तेव्हा कुशल कारागीर झिजेसकट माप घेत नाही. मूळ माप काय असेल ते शोधतो. मुखपृष्ठाच्या बाबतीतही वाळवी, घडी, पाण्याचा डाग ही झीज होय; ती काढावी. सरकलेला ठसा ही मात्र झीज नव्हे. अंक छापखान्यातून बाहेर पडला, तेव्हा तो तसाच होता.

यासंबंधी जैन पोथ्यांचे उदाहरण बोलके आहे. ताडपत्राच्या मध्यभागी दोरा ओवण्यासाठी छिद्र असे. पुढे कागद आला, दोऱ्याची गरज उरली नाही. तरीही कल्पसूत्राच्या कागदी पोथ्यांतून त्या जागी रंगीत वर्तुळ काढले जात राहिले. जुन्या साधनाची खूण लेखकांनी नव्या पानावर शोभेने मिरवली.

अक्षरांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते. त्या काळी मासिकाचे नाव चित्रकार हातानेच रेखाटत असे. ते खोडून संगणकातील तयार टंक बसविला, तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे जाऊन हिंदी वळणे येण्याचा संभव असतो. १९६२ पूर्वीच्या अंकांवर ‘नांव’ असा अनुस्वार दिसतो, आणि दशमान नाणी एप्रिल १९५७ मध्ये येण्यापूर्वीच्या अंकांची किंमत रुपये-आण्यांत असते. हे ‘दुरुस्त’ करण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरला नाही, तर चित्र सुंदर होईल, पण साल खोटे ठरेल.

हक्काचा प्रश्नही आहेच. भारतीय कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क सामान्यतः चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. १९४४ साली दिवंगत झालेल्या म. वि. धुरंधरांची चित्रे त्यातून मुक्त झाली आहेत. दलालांचे निधन १९७१ चे, म्हणून त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत राहतो. तेव्हा एखाद्या संस्थेस असे मुखपृष्ठ आपल्या अंकावर छापावयाचे असल्यास हक्कधारकांची अनुमती घ्यावी, आतील पानावर मूळ चित्रकाराचे नाव व वर्ष द्यावे आणि चित्र संगणकावर पुन्हा घडविले आहे, हेही नमूद करावे. कोपऱ्यातील स्वाक्षरी तर कात्रीखाली जाता कामा नये.

आणि काम संपल्यावर जीर्ण प्रत रद्दीत घालू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. त्यांतील कित्येक ग्रंथ छापून कधीच प्रसिद्ध झाले. पोथ्या तरीही तेथेच आहेत, आणि नव्या अभ्यासकास पाठ ताडून पाहावयाचा झाला, तर त्याच बाहेर काढल्या जातात.