सैनिकांची सांधेदुखी : वेदना, पुरावा आणि निवृत्तिवेतन

प्रस्तावना

युद्धेतिहासात मृत व जखमी सैनिकांची गणना आवर्जून केली जाते. मोहिमेवरून परतल्यानंतर पाठ, गुडघे व खांदे यांच्या दुखण्याने अधू झालेल्या सैनिकांकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. या दुखण्यात बहुधा दिसणारी जखम नसते. त्यामुळे ते सिद्ध कसे करावयाचे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच शासकीय धोरणाचाही ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

अदृश्य अस्थिभंग

इ. स. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब पल्ल्याच्या संचलनानंतर सैनिकांच्या पायांना येणाऱ्या वेदनामय सुजेचे वर्णन केले. मऊ ऊतींचा दाह हे त्याने तिचे कारण मानले. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९७ मध्ये श्टेखोव्ह यांनी क्ष-किरण चित्रांच्या आधारे दाखवून दिले की, अशा रुग्णांच्या तळपायाची लांब हाडे प्रत्यक्षात मोडलेली असतात. मधल्या ४२ वर्षांत सैनिकाचे दुखणे बदलले नव्हते. ते पाहण्याचे साधन तेवढे बदलले होते.

निदानाची बदलती नावे

सर्वच दुखण्यांना असा पुरावा लाभला नाही. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाहून (१८९९-१९०२) परतलेल्या अनेक ब्रिटिश सैनिकांना ‘संधिवात’ या निदानाखाली निवृत्तिवेतन मिळाले. एडगर जोन्स, सायमन वेसली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,८५६ ब्रिटिश सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार युद्धोत्तर विकारांचे तीन गट दिसतात : जुन्या युद्धांत अशक्तपणाची, पहिल्या महायुद्धात हृदयाशी निगडित आणि त्यानंतर मानसिक लक्षणांची प्रधानता आढळते. तथापि कोणताही गट एकाच युद्धापुरता मर्यादित नाही. तक्रारीचे स्वरूप त्या त्या काळातील आरोग्यविषयक भीती व वैद्यकीय समजुती यांनीही घडते, असा याचा अर्थ होतो. वेदना खोटी होती, असा मात्र होत नाही.

निदानाविना भरपाई

आखाती युद्धाहून (१९९०-९१) परतलेल्या सैनिकांनी थकवा, डोकेदुखी, सांधे व स्नायूंचे दुखणे अशा तक्रारी मांडल्या. तपासण्यांतून निश्चित कारण हाती येईना. अखेर अमेरिकेने १९९४ मध्ये कायदा करून ‘निदान न झालेल्या आजारा’मुळे आलेल्या दीर्घकालीन अपंगत्वासही भरपाईस पात्र ठरविले. नाव सापडेपर्यंत सैनिकाने ताटकळत राहू नये, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

या दुखण्याची व्याप्तीही लहान नाही. इराक व अफगाणिस्तानातील मोहिमांतून जानेवारी २००४ ते डिसेंबर २००७ या काळात वैद्यकीय कारणास्तव हलविलेल्या ३४,००६ जणांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अस्थी, स्नायू व संयोजी ऊतींचे विकार २४ टक्के, तर युद्धातील जखमा १४ टक्के आढळल्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, सैनिकाच्या वेदनेची विश्वासार्हता बहुतेक वेळा त्या काळातील उपकरणांवर आणि निदानाच्या शब्दांवर अवलंबून राहिली. १८५५ मधील सैनिकाच्या पायाचे हाड मोडलेलेच होते. ते कोणास दिसत नव्हते, इतकेच. म्हणून पुराव्याचा अभाव हा आजाराचा अभाव मानण्यापूर्वी निवृत्तिवेतनाचा निर्णय करणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घेणे आवश्यक आहे.