नगर रोडवरचं कृष्णविवर

वाघोलीत वाघेश्वराच्या देवळातून निघून तुम्ही नगर रोड ओलांडायला उभे आहात. तारीख २० मे २०२५. खाणींकडून आलेले खडीचे डंपर, त्यांच्या मधून घुसणाऱ्या दुचाक्या. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर सर गेल्याची बातमी सकाळीच फोनवर आली, तेव्हापासून तुमच्या डोक्यात त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घोळतंय. पंत पानिपताच्या विचारात असताना ट्रकची धडक बसते आणि ते थेट मराठे जिंकलेल्या इतिहासात जाऊन पडतात. तिथे विश्वासरावांना गोळी नुसती चाटून गेलेली असते. तेवढ्यावर सगळा हिंदुस्थान बदलतो. आणि तिकडे न्यायला यान नाही की यंत्र नाही, साधा ट्रक! वाघोलीत तर ते पैशाला पासरी.

हॉर्न कानात शिरतो. तुम्ही एक पाऊल चुकीचं टाकता.

१९७४. सोसायट्यांचे मनोरे गायब. हवेली तालुक्यातलं एक गाव. महापालिका इथे पोचायला अजून ४७ वर्षं आहेत. पिलाजीराव जाधवांची समाधी तेवढी ओळखीची. पण इथे रेंगाळू नका, अहमदाबादला चला.

एका परिसंवादात वक्ता रटाळ बोलतोय. तुमच्या पुढच्या रांगेत पस्तिशीतले एक प्राध्यापक कागदावर भराभर लिहितायत. टिपणं घेतायत असं वाटून तुम्ही वाकून बघता, तर मराठी! केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेला, पद्मभूषण मिळालेला हा माणूस भर व्याख्यानात गोष्ट लिहितोय. 'कृष्णविवर'.

मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती जाते तेव्हा लेखकाचं नाव असतं नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. उलटे केले की ना. वि. ज. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा उतरवून दिलेली. जगतापांचा पहिला नंबर येतो. नावाच्या वजनावर बक्षीस नको, हा हट्ट मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांहून मोठा वाटतो; शिवाय त्यात शाळकरी खोडसाळपणाही आहेच.

पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत या नव्या विज्ञानकथेची दखल घेतात. टाळ्या वाजवा आणि निघा.

आता नव्वदचं दशक. तुम्ही अकरा वर्षांचे. महिन्याचा दुसरा शनिवार, वाघोलीहून दोन बस बदलून ताईबरोबर पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या सरांच्या खगोलशास्त्र संस्थेत आलात. शाळेच्या पोरांसाठी व्याख्यान आहे. संपल्यावर तुम्ही वही पुढे करता. सर सही देत नाहीत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायचा. उत्तर येईल, त्याखाली सही असेल.

परतीच्या बसमध्ये तुम्ही गप्प. प्रश्न बावळट वाटता कामा नये. रात्री पोस्टकार्डावर लिहिता: विश्वासरावांना गोळी लागली नाही ते जग आत्ता कुठे आहे?

"हा काय विज्ञानाचा प्रश्न आहे?" ताई खांद्यावरून वाचते. "इतिहासाच्या बाईंना विचार."

"बाईंनी कुठे लिहिलीय ती गोष्ट?" असं म्हणून तुम्ही कार्ड उलटता आणि पत्ता लिहायला घेता.