नाशिकरोडचा छापखाना आणि जुन्या नोटांचा प्रश्न

नोटेवरील सुरक्षा-खूण नकली नोट करणाऱ्यास साधू नये आणि बाजारातल्या माणसास मात्र हाती धरताच पडताळता यावी, अशी असावी लागते. अशी बहुतेक प्रत्येक खूण कोणत्या तरी नकलेला दिलेले उत्तर असते. १८६१च्या कायद्यानंतर निघालेल्या व्हिक्टोरिया राणीच्या चित्राच्या नोटांच्या नकला इतक्या वाढल्या, की १८६७मध्ये त्यांच्या जागी नवी मालिका आणावी लागली. लोकांनीही आपली तजवीज केली होती: टपालाने पैसे पाठवताना नोट मधोमध कापून एक अर्धुक आधी धाडायचे आणि ते पोहोचल्याचे पत्र आल्यावरच दुसरे.

या नोटा विलायतेत छापल्या जात. तिकिटे व मुद्रांक छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५मध्ये नाशिकरोडला सुरू झाला, १९२८मध्ये करन्सी नोट प्रेस आला, आणि १९३२पर्यंत सर्व मूल्यांच्या भारतीय नोटा येथेच छापल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी बनावट नोटांचे संकट उभे राहिले, तेव्हा जलचिन्हातली, म्हणजे कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या आकृतीतली, सहाव्या जॉर्जची एका बाजूची मुद्रा काढून तेथे समोरून दिसणारा चेहरा घेतला गेला, आणि भारतीय नोटेच्या कागदात प्रथमच सुरक्षा धागा आला. १९९६च्या महात्मा गांधी मालिकेत हा धागा कागदातून मधूनमधून वर डोकावू लागला, शिवाय नोट डोळ्यांच्या रेषेत आडवी धरल्यावरच दिसणारा सुप्त आकडाही तिच्यात होता. २०००मध्ये मोठ्या मूल्यांच्या नोटांवर तिरपी करताच हिरव्याची निळी होणारी शाई आली.

नवी खूण घडवणे, कठीण असले तरी, छापखान्याच्या हातातले काम आहे. जुनी नोट परत घेणे तसे नाही. इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरमध्ये दोष सापडला, तर दुरुस्त आवृत्ती वापरणाऱ्याच्या नकळत रातोरात उतरू शकते, आणि तरीही जुनीच आवृत्ती चालवणारे उरतातच. नोटेला तर अशी सोयच नाही, ती डब्यात, बटव्यात, गादीखाली असते, आणि ती चलनात आहे तोवर नकलाकाराला सोपा नमुनाही उपलब्ध राहतो. २००५पूर्वीच्या नोटा, ज्यांच्या मागच्या बाजूला छपाईचे वर्ष नव्हते, काढून घेण्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१४मध्ये जाहीर केले; त्यांची मुदत वाढत वाढत जून २०१६पर्यंत गेली.

पळवाट नेहमी कागदातच असते असेही नाही. तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात नाशिकच्या छापखान्यातून मोडीत निघालेल्या यंत्रांचा विषय पुढे आला, म्हणजे भोक मुद्रांकाच्या नक्षीत नव्हे, तर भंगाराच्या दारात होते. पुढे राज्यांनी छापील मुद्रांकाऐवजी संगणकीय नोंदीवर चालणाऱ्या ई-मुद्रांकाकडे वळणे पसंत केले.

आता याच इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ई-पासपोर्ट तयार होतो. त्यातील चिपवरच्या माहितीवर सरकारची अंकीय सही असते, आणि माहितीत एका अक्षराचा फेरफार झाला तरी ती सही जुळत नाही. चिप नसलेले जुने पासपोर्ट मात्र त्यांची मुदत संपेपर्यंत वैध आहेत, आणि प्रौढांच्या पासपोर्टची मुदत दहा वर्षांची असल्यामुळे विमानतळावरच्या खिडकीला दोन्ही पिढ्या बराच काळ शेजारी शेजारी तपासाव्या लागतील.