हरकाऱ्याचे काळीज

आमच्या वाटूर फाट्यावर पहाटे पाचला उभे राहिले, तर जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पोरे धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. टपरीवर चहा घेणारे वडीलधारे हसतात आणि म्हणतात, "पळून पळून गुडघे जातील, काळीज फुटंल एखाद्या दिवशी." मी वैद्य नाही, कॉलेजात इतिहास शिकवतो. पण या बोलण्यात खरे किती, हे इतिहासाच्या वाटेनेही पाहता येते.

काळीज फुटण्याची ही भीती फार जुनी. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये ग्रीस देशात मॅरेथॉनची लढाई झाली. विजयाची बातमी घेऊन दूत अथेन्सपर्यंत धावला आणि 'जिंकलो' म्हणत कोसळला, असे आपण मुलांना सांगतो. पण त्याच शतकातल्या हेरोडोटसच्या ग्रंथात हे मरण नाहीच. त्याचा दूत मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, धावत गेला, दुसऱ्या दिवशी पोचला आणि निरोप सांगता झाला. मरणाची गोष्ट पाचशेहून अधिक वर्षांनंतरच्या लेखकांनी जोडली. शिक्षकबंधूंनी एवढी दुरुस्ती वर्गात जरूर सांगावी.

आपल्याकडचा दाखला तर घराजवळचा आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ साली सिंधू नदीवर पोचला, पुढे आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. महंमद तुघलकाच्या पायडाकेचे त्याने मोठे बारकाईने वर्णन केले आहे. एका मैलात तीन चौक्या. प्रत्येक चौकीवर कंबर कसून बसलेली माणसे. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात तांब्याची घुंगरे लावलेली काठी. घुंगरांचा आवाज कानी आला की पुढचा उठून तयार. ही डाक घोड्यांच्या डाकेहून वेगाने जाई, आणि सुलतान दौलताबादेत असला म्हणजे त्याला प्यायला गंगेचे पाणीही तिनेच येई, असे तो लिहितो. पुढे मराठेशाहीत जासूद आले, इंग्रजी अमलात थैली आणि घुंगरांचा भाला घेतलेला डाकेचा हरकारा आला. सगळी वाट एकाच्याच गळ्यात घालायची नाही, आपला टप्पा संपला की थैली पुढच्याच्या हाती द्यायची, ही रीत मात्र टिकली. रोजचे धावणे, पण बेताचे. कागदात निरोप उरले. निरोप्याची नाडी कोणी मोजली नाही.

ती मोजणी व्हायला १९५३ साल उजाडले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर सारखा जिना चढउतार करणारा. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांना आढळले की ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होतो आणि कंडक्टरांना कमी. झालाच तरी सौम्य. टपालखात्यातही तेच. पायी आणि सायकलवर पत्रे वाटणारा पोस्टमन बसून काम करणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित. म्हणजे साक्ष दिली ती हरकाऱ्याच्याच भाऊबंदाने!

गुडघ्यांचे म्हणाल, तर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढचे धावणारे आणि न धावणारे लोक एकवीस वर्षे नजरेखाली ठेवले. धावणारे कमी मेले, आणि उठण्याबसण्याला दुसऱ्याचा हात लागण्याचे दिवस त्यांना कित्येक वर्षे उशिरा आले. त्यांच्यापैकी काहींच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले, तेही इतरांपेक्षा वाईट निघाले नाहीत. २०१४ साली ५५,१३७ लोकांचा हिशोब प्रसिद्ध झाला. धावणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्के कमी, हृदयविकाराने मृत्यूचे ४५ टक्के कमी. आणि रोज पाचदहा मिनिटे सावकाश धावणारेही या लाभात होते. आता, धावणारा माणूस मुळातच धडधाकट असतो, बहुधा विडीही ओढत नसतो, हे ध्यानात घेऊन यातले थोडे वजा करावे. तरी पुष्कळ उरते. हृदय हा शेवटी स्नायूच. त्याला सवय झाली की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो, बसल्या जागची नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, रक्तातली साखर स्नायूंत खर्ची पडते.

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये पावणेत्रेचाळीस किलोमीटर धावले, दोन तास पन्नास मिनिटांत, आणि एकोणिसावे आले. काळीज शाबूत होते.

मग वडीलधाऱ्यांची भीती अगदी खोटी का? नाही. धावण्याचा मोठा प्रचारक जिम फिक्स १९८४ साली, बावन्नाव्या वर्षी, धावता धावताच गेला. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले होते, आणि त्याच्या स्वतःच्या धमन्या तुंबलेल्या निघाल्या. घरातला इतिहास धावून पुसला जात नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात लांब शर्यतींत एक कोटी नऊ लाख लोक धावले. त्यांत हृदय बंद पडल्याचे ५९ प्रसंग झाले, ४२ माणसे दगावली. आकडा लहान, पण त्यांतल्या पुष्कळांच्या हृदयात आधीच दोष होता. वर्षानुवर्षे फारच लांब अंतरे धावणाऱ्यांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाणही काहीसे जास्त दिसते.

आपल्या पोरांच्या जवळचे उदाहरण मात्र २०१४ च्या जूनमधले. मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावल्यावर काही तरुण उमेदवार दगावले. मग ते अंतर तीन किलोमीटरवर आणले गेले. पुढे पुरुषांसाठी १६०० मीटर झाले. उकाडा, अपुरी झोप, रिकामे पोट आणि नोकरीची आशा, एवढे सगळे छातीवर घेऊन सगळा जोर एकदम लावायचा! हरकाऱ्याला कोणी असे धाववले नव्हते. आमच्याकडेही जाहिरात निघाली की महिनाभर आधी पोरे रस्त्यावर येतात, डांबरावर पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर मारतात, आठवड्यात नळीचे हाड धरते. छाती दुखली, चक्कर आली, तरी सांगत नाहीत. आणि भरती झाली की धावणे सुटते. दोन वर्षांत पट्ट्याला नवे भोक पाडावे लागते.

माझा एक जुना विद्यार्थी भरतीच्या वयातून कधीच बाहेर पडला. तो अजून पहाटे फाट्यावर येतो, मैलभर सावकाश धावतो आणि शेताकडे जातो. मी त्याला विचारले, "आता कशाला रे?" म्हणाला, "सर, सवय लागली. नाही पळालो तर दिवस जड जातो." टपरीवरले वडीलधारे त्यालाही हसतात.