इंजिनाबरोबर आलेले पुस्तक

मोटेचा बैल बसला, तर काय करावे हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. विहिरीवरचे इंजिन बसले, तर काय करावे, हे मात्र कोणत्याही आज्याने नातवाला सांगून ठेवलेले नव्हते. ते सांगण्याचे काम इंजिनाबरोबर येणाऱ्या छापील पुस्तकाकडे आले. त्या पुस्तकाची ही थोडी हकीकत.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्याचे इंजिन कसोटीस उतरले. त्याला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो, की त्या तापलेल्या हवेत उडालेले तेल आपोआप पेट घेते. युक्ती सोपी, पण निगा कडक. तेलात कचरा नको, नळीत हवा नको, व्हॉल्व्हमधून दाब निसटायला नको.

आपल्याकडे किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. नांगर समजून घ्यायला पुस्तक लागत नाही. तरी त्या मंडळींनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढून गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणे सुरू केले. पुढे १९४६ मध्ये पुण्यास त्यांची ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ पर्यंत इथे कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी. आणि यंत्राच्या पुस्तकातली भाषा पुष्कळदा इंग्रजी. मग पुस्तक कोनाड्यात जाई आणि इंजिन मिस्त्रीच्या कानावर चाले.

आता आमच्या आखाडा बाळापूरची गोष्ट ऐका. हिंगोली जिल्हा झाला १९९९ मध्ये. त्याआधी आम्ही परभणीकर. त्या काळी एका उन्हाळ्यात मामांचे इंजिन बंद पडले. भुईमुगाला आऱ्या सुटत होत्या. मिस्त्रीने आल्याबरोबर हेड खोलले. गॅस्केट फाटली, नवी नांदेडहून आणण्यात चार दिवस गेले. तेवढ्यात रान तडकले आणि निम्मे पीक गेले. शेवटी कळले, की टाकी कोरडी पडून नळीत हवा शिरली होती! पंपावरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू दिले असते, तर तासाभरात पाणी सुरू झाले असते.

मामांनी त्या रात्री कोनाड्यातले पुस्तक काढले. त्यात लक्षण, कारण आणि उपाय असे तीन रकाने होते. ‘इंजिन सुरू होत नाही’ याच्यापुढे पहिलेच कारण होते, तेल नाही किंवा नळीत हवा आहे. हेडचे नाव पार खाली.

पुस्तकाची खरी शिकवण ही आहे: आधी सोपे तपासा, मग अवघड. मिस्त्रीचा कान खोटा नव्हे. ठोका बदलला, हे पुस्तकाआधी त्यालाच कळते. पण टॅपेटमधली फट किती ठेवायची, हे कानाला सांगता येत नाही. ते पानावरच पाहावे लागते.

तेव्हापासून मी ओळ वाचून मराठीत सांगायची आणि मामांनी पाना फिरवायचा, असे ठरले. त्या पुस्तकाची पाने आज तेलाच्या बोटांनी काळी झाली आहेत. तुमच्या कोनाड्यातले पुस्तक अजून कोरे असेल, तर इंजिन चालू आहे तोवरच ते उघडा.