स्फटिक, कळा आणि कायदा

भुसावळच्या यार्डात रेल्वेचे गार्ड आणि ड्रायव्हर वॉकीटॉकीवर बोलतात. जळगाव-धुळ्याच्या पोलिसांकडेही बिनतारी संच असतात. ही बोलणी एकमेकांत का मिसळत नाहीत?

पूर्वीच्या संचात प्रत्येक वाहिनीसाठी क्वार्ट्झचा वेगळा स्फटिक असे. त्याच्या चकतीच्या जाडीवर वारंवारता ठरे. ती बदलायची तर संच उघडावा लागे. नियम जणू त्या चकतीतच बंद होता! पुढे एकाच स्फटिकापासून, आकडा बदलून, हवी ती वारंवारता मिळवणारे परिपथ आले. हा आकडा संचाच्या दर्शनी भागावरील कळांनीही भरता येतो. अमेरिकेच्या नियमांनी व्यावसायिक संच वापरणाऱ्याला ही मुभा नाकारली. आम्हांला ते योग्य वाटते. शंटिंग चालू असताना भलताच आवाज मध्ये आला तर माणूस चिरडेल.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय संच नुसता जवळ बाळगण्यासही मनाई केली. २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त झाला. कळा मात्र त्याबाहेरही नेऊ शकतात, आणि तिथे परवाना लागतोच.

हौशी रेडिओचालकाला आपल्या पट्ट्यांत वारंवारता बदलण्याची मोकळीक असते. त्यासाठी परीक्षा आहे. १२ वर्षांचा विद्यार्थीही ती देऊ शकतो. तिचा एक भाग रेडिओशास्त्राचा, दुसरा नियमांचा.